फुटून निघण्याचा ठराव

२०१६ च्या जून महिन्यात ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा पाचगणीत त्याची चर्चा पुष्कळ झाली. ते स्वाभाविकच होते. हे गाव एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी वसविलेले. येथील निवासी शाळांवर इंग्रजी वळणाचा ठसा अजून आहे आणि येथून शिकून गेलेली मुले थेट लंडनपर्यंत पसरलेली आहेत. पौंड किती घसरला, स्कॉटलंड आता काय करणार, यावर प्राध्यापकांच्या खोलीत तास संपल्याची घंटा होऊनही वाद चालत. परंतु त्याच्या चारच वर्षे आधी, २०१२ साली, शेजारच्या सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात काही गावांनी महाराष्ट्र सोडून कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. त्याची आठवण त्या वादात कोणालाही झाली नाही. प्रस्तुत लेखकासही झाली नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

ती आठवण करून दिली कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी. नोव्हेंबर २०२२ मध्ये बसवराज बोम्मई यांनी जतमधील ४० गावांच्या ठरावाचा उल्लेख करून, आपले सरकार त्याचा गांभीर्याने विचार करीत आहे, असे जाहीर केले. हा ठराव जुना आहे, महाराष्ट्रातील एकही गाव कोठे जाणार नाही, असे उत्तर उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिले. दोन्ही विधाने राजकीयदृष्ट्या अपेक्षित अशीच होती. अपेक्षित नव्हते ते पुढेच घडले. डिसेंबरच्या आरंभी कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर उपसा योजनेचे पाणी जत तालुक्यातील तिकोंडीच्या तलावात येऊन पोहोचले. जे पाणी महाराष्ट्राच्या आश्वासनांत वर्षानुवर्षे वाहत होते, ते शेजारच्या राज्याने काही दिवसांत प्रत्यक्ष सोडून दाखविले. मग मुंबईतही हालचाल झाली, मंत्री सीमाभागात गेले, आणि म्हैसाळ योजनेच्या सुमारे दोन हजार कोटी रुपयांच्या विस्ताराला एकाएकी गती आली.

ब्रिटनचे बाहेर पडणे आणि जतचे बाहेर पडणे यांची तुलना ओढूनताणून केलेली वाटेल. एक सार्वभौम राष्ट्र आहे, दुसरा एका तालुक्याचा तुकडा. लिस्बन कराराच्या पन्नासाव्या कलमाने युरोपीय संघाच्या सभासदास बाहेरचा दरवाजा दाखविलेला आहे. आपल्या राज्यघटनेत तसा दरवाजाच नाही. तिसऱ्या कलमान्वये राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे, संबंधित विधानमंडळाचे केवळ मत मागविले जाते, आणि ग्रामसभेच्या ठरावाला या व्यवहारात कायद्याचे बळ शून्य आहे. शिवाय जतकरांना देश सोडावयाचा नव्हता, राज्य बदलावयाचे होते. हे सारे भेद मान्य केले तरी मूळ प्रश्न उरतोच. एखादा समूह आपण ज्या व्यवस्थेचे घटक आहोत तीतून निघून जाण्याची भाषा केव्हा बोलू लागतो, आणि त्या भाषेचा अर्थ ऐकणाऱ्यांनी काय लावावा?

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या प्रश्नाची एक सोपी मांडणी केली. संस्था बिघडू लागली की तिच्या सभासदापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. निष्ठा जितकी अधिक, तितका माणूस जाण्याआधी अधिक काळ बोलत राहतो. जतच्या बाबतीत ही मांडणी ताडून पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. तेथे निघून जाण्याचा ठराव हाच आवाज उठविण्याचा एक प्रकार होता. साधा आवाज ऐकला जात नाही, असा अनुभव आल्यावर माणसे घर सोडण्याची भाषा करतात. ती पुष्कळदा घरातल्यांनी ऐकावी म्हणूनच केलेली असते.

पाचगणीच्या टेबललँडवर उभे राहिले की खाली धोमचा जलाशय दिसतो. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा तेथे अडविली जाते. उगमापाशी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच नदीच्या खोऱ्यात मोडणाऱ्या जतमध्ये तो पाचशेच्या आसपास पडला तर ते वर्ष बरे म्हणावयाचे. वाई, कऱ्हाड, सांगली करीत कृष्णा म्हैसाळवरून कर्नाटकात जाते. जत वाटेवर नाही, उंचावर आहे. म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने उचलून न्यावे लागते. उचलण्याला वीज लागते आणि विजेचे बिल कोणीतरी भरावे लागते. बिल थकले म्हणून पंप बंद, असे या पट्ट्यातील उपसा योजनांच्या बाबतीत वारंवार घडले. अखेर बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलावा, असे सूत्र ठरले. तरीही तालुक्याच्या पूर्वेकडील सुमारे ६५ गावे मूळ योजनेच्या आराखड्याबाहेरच राहिली होती.

येथे एक जुनी गोष्ट सांगणे अवश्य आहे. बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यानुसार कृष्णेच्या पाण्यापैकी ५६० अब्ज घनफूट महाराष्ट्रास, ७०० कर्नाटकास आणि ८०० आंध्रास दिले. फेरविचार २००० सालानंतर व्हावयाचा होता. आपला वाटा तोपर्यंत वापरात आणलाच पाहिजे, या निकडीपोटी १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि रोखे विकून पैसा उभा करण्यात आला. धरणे झाली, पाणी अडले. परंतु अडविलेले पाणी प्रथम पोहोचले ते नदीकाठच्या उसापर्यंत. राज्याचा वाटा राज्यासाठी भांडून मिळविला. राज्याच्या आत तो कसा वाटावा, हे भांडण मात्र राहून गेले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, त्याचे देशभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र मिरज ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील जतची गावे त्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत होती.

आपल्या सरासऱ्यांचा दोष येथे दिसतो. विभागीय अनुशेष मोजण्यासाठी नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली अहवाल दिला, त्यात जिल्हा हा मोजमापाचा घटक होता. त्या काळी उपलब्ध आकडेवारीचा विचार करता ते समजण्यासारखे आहे. पण सांगली जिल्ह्याच्या सरासरीत वाळव्याचा ऊस आणि जतची कुसळे एकत्र मिसळली की जत नाहीसे होते. विदर्भ आणि मराठवाडा यांच्या मागासलेपणाला निदान नाव होते. त्यांच्यासाठी १९५३ चा नागपूर करार होता, १९९४ पासून २०२० पर्यंत वैधानिक विकास मंडळे होती. ‘पश्चिम महाराष्ट्र’ नावाच्या श्रीमंत घरातल्या गरीब खोलीला नाव नव्हते. मला वाटते, जतच्या ठरावामागील खरी चीड ही होती. भुकेपेक्षा, आपण जेवलो आहोत असे परस्पर लिहून टाकले जाणे माणसाला अधिक झोंबते.

ब्रिटनमध्ये याच्या उलट चित्र दिसले, आणि ते अर्थशास्त्राच्या शिक्षकाला अधिक कोड्यात टाकणारे आहे. कॉर्नवॉल हा युरोपीय संघाच्या साहाय्यनिधीचा मोठा लाभधारक. तेथे बहुमत बाहेर पडण्याच्या बाजूने झाले. संडरलंडमध्ये १९८६ पासून निस्सानचा मोटार कारखाना युरोपच्या बाजारपेठेवर उभा आहे. तेथे दर शंभरांत सुमारे ६१ मते संघ सोडण्यासाठी पडली. ज्यांना मिळत होते तेच उठून जाऊ म्हणाले. निधी ब्रुसेल्सहून येत होता, पण तो देणारा हात त्यांना दिसत नव्हता आणि त्या निधीबाबत त्यांना कोणी विचारीतही नव्हते. दर आठवड्यास ३५ कोटी पौंड संघाला जातात, हा बसगाडीवर रंगविलेला आकडा सूट व परतावा वजा न करताच लिहिलेला होता. लोकांनी तो उचलून धरला, कारण त्यांच्या मनात आधीपासून असलेल्या हिशेबाशी तो जुळत होता.

एकूण १ कोटी ७४ लाख मते बाहेर पडण्यासाठी आणि १ कोटी ६१ लाख राहण्यासाठी पडली. विकल्प दोनच होते : राहावे किंवा जावे. कसे जावे, सामाईक बाजारपेठेत राहून की तीही सोडून, उत्तर आयर्लंडच्या सीमेचे काय करावयाचे, हे मतपत्रिकेवर नव्हते. त्यामुळे ३१ जानेवारी २०२० रोजी प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंतची साडेतीन वर्षे ‘जाणे म्हणजे काय’ हे ठरविण्यातच गेली; त्यात दोन पंतप्रधान पायउतार झाले. त्या देशाच्या अर्थसंकल्प-छाननी कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे, संघात राहिल्यास जी उत्पादकता झाली असती तिच्याहून दीर्घकाळात ती सुमारे ४ टक्के कमी राहणार आहे.

आपल्याकडेही एक सार्वमत झाले आहे, ते विसरू नये. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांनी महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की केंद्रशासित राहावयाचे, याचा निर्णय केला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली; अंतर ३४,०२१ चे. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे दयानंद बांदोडकर मतदान मोकळेपणाने व्हावे म्हणून आधी मुख्यमंत्रिपदावरून दूर झाले होते. दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांच्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. गोमंतकीय मतदाराने प्रश्न आणि पक्ष वेगळे करून पाहिले. हा विवेक त्या वेळी महाराष्ट्रातील अनेकांच्या पचनी पडला नाही. तेथेही विकल्प दोनच होते. गोव्याचे स्वतंत्र राज्य हा तिसरा विकल्प कागदावर नव्हता. तो प्रत्यक्षात यायला ३० मे १९८७ उजाडावा लागला.

आता एका अवघड जागी येतो. बेळगाव, निपाणी, कारवारसह ८६५ गावांवरील आपल्या दाव्यात गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही चार तत्त्वे आपण सतत मांडत आलो. महाजन आयोगाने १९६७ साली २६४ गावे महाराष्ट्रास आणि २४७ कर्नाटकास देण्याची शिफारस केली, ती आपण फेटाळली. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. जतच्या पूर्व भागातील अनेक गावांत घरची भाषा कानडी आहे, मुले कानडी माध्यमाच्या शाळेत जातात, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यापासून १९५६ पर्यंत जत आणि विजापूर एकाच मुंबई राज्यात होते. तेव्हा बेळगावला लावलेले माप जतला लावू नये, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय? माझ्या मते उरत नाही. ‘एक इंचही देणार नाही’ ही घोषणा सभेत शोभते, न्यायालयातील आपल्याच युक्तिवादाशी तिचा मेळ बसत नाही. मात्र तहानलेल्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे लोकेच्छा नव्हे. २०१२ च्या ठरावात भाषेचा हट्ट नव्हता, पाण्याची मागणी होती. आधी पाणी द्यावे आणि मग पाहिजे तर इच्छा विचारावी. ती त्या वेळी महाराष्ट्राविरुद्ध गेली तरी निदान ती खरी असेल.

दुसरी चिंता अशी, की धमकीने काम होते हा धडा सर्वांनी घेतला. जतच्या पाठोपाठ अक्कलकोटच्या काही गावांनी कर्नाटकाचे, नाशिकच्या सुरगाण्यातील गावांनी गुजरातचे, तर नांदेडच्या सीमेवरील गावांनी तेलंगणाचे नाव घेतले. त्यांच्या मागण्या रस्ता, दवाखाना, शेतकऱ्यांना मिळणारे अनुदान अशा साध्या होत्या. सीमेवरच्या गावाला निदान दुसऱ्या राज्याचे नाव घेता येते. आटपाडीने किंवा माणने कोणाचे नाव घ्यावे? माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला हेच विचारले. तो माणचा होता. मी त्याला हर्शमन समजावून सांगितला. त्याचे समाधान झाल्याचे दिसले नाही.

तुबचीचे पाणी तिकोंडीला आले, यात एक व्यवहार्य सूचना दडलेली आहे. कर्नाटकाच्या योजनेतून जतच्या पूर्व भागात पाणी नैसर्गिक उताराने उतरू शकते, तर म्हैसाळहून ते वीज जाळून चढवावे लागते. उन्हाळ्यात कर्नाटकाला कोयना-वारणेचे पाणी हवे असते आणि महाराष्ट्राने ते वेळोवेळी सोडलेही आहे. त्याच्या मोबदल्यात कर्नाटकाने जतला पाणी द्यावे, अशा अदलाबदलीची बोलणी पूर्वी झाली आहेत. तिला लेखी कराराचे रूप द्यावे. सीमेचा दावा न्यायालयात चालू राहू शकतो, पाणी त्याच्या निकालासाठी थांबू नये. आणि विस्तारित म्हैसाळ योजनेचे पाणी कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात, किती पोहोचले, याचा गाववार तक्ता पाटबंधारे खात्याने दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी प्रसिद्ध करावा. जिल्ह्याची सरासरी त्यात नसली तरी चालेल. तो तक्ता ज्या ग्रामपंचायतींनी २०१२ साली ठराव केला, त्यांच्या फलकावर मराठीत आणि कानडीतही लावावा.