रॉचा टेंभा

माउलींची पालखी दिवे घाट चढू लागली की कडेला कॅमेरेवाल्यांची हीऽऽ गर्दी. कुणालाही विचारा, छाती फुगवून सांगेल, "आपण रॉमध्येच शूट करतो." बरं. पुढे त्या रॉचं काय होतं? ती 'न्यू फोल्डर'मध्ये पडून राहते, वर्षभराने तिच्या उरावर दुसरी वारी येऊन पडते आणि लोकांना दिसतो तो मोबाइलवर काढलेला फोटो.

ज्याला फोटो फेकता येत नाहीत त्याने रॉच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जेपीईजी काढावा, रंग काय ते कॅमेऱ्याला ठरवू द्यावेत. त्यात काही कमीपणा नाही. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीईजीत दर रंगाला २५६. भर दुपारी टोप्या पांढऱ्याफटक आणि चेहरे काळेठिक्कर, हे सावरायला त्या पायऱ्या लागतातच. पण सावरायला बसायचं कोणी?

रिंगणात अश्व सुटला की यांचं बोट बटणावरून हलत नाही. ४५ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण ४५-५० एमबीची. सेकंदाला २० फ्रेम धरा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक जीबी! (३६ फ्रेमच्या रोलचे गोडवे गाणारेही मला सोसत नाहीत, काढा हवे तेवढे.) मात्र रात्री निवड करा. तीही कशी, तर नुसतं हो किंवा नाही. रॉच्या पोटात एक तयार जेपीईजी असतो, तेवढाच दाखवणारं फोटो मेकॅनिकसारखं सॉफ्टवेअर वृत्तपत्रांचे छायाचित्रकार वापरतात ते उगाच नाही. फोटो झरझर पुढे सरकतात. आमचे कलावंत काय करतात? पहिलाच फोटो उघडून तासभर स्लायडर ओढतात. दहाव्या फोटोपर्यंत हौस फिटलेली असते आणि अश्वाचा एकुलता एक चांगला फोटो तिथून बराच पुढे.

नावांचा तर आनंदच. कॅमेऱ्याचा आकडा बहुधा चारच अंकी. ९९९९ नंतर पुन्हा ०००१. म्हणजे ०४१२ क्रमांकाचे फोटो दोन, एक तुकोबांच्या पालखीचा, दुसरा भाचीच्या बारशाचा. एकाच फोल्डरात कॉपी करताना संगणक बिचारा विचारतो, 'जुनी फाइल बदलू का?' साहेब 'हो' म्हणतात. तुकोबा गेले. कार्ड उतरवतानाच नावापुढे तारीख लावायची सोय असते, पण ती बघणार कोण?

मग लाइटरूमच्या नावाने शंख. अहो, त्याच्या कॅटलॉगमध्ये फोटो नसतातच! असतो तो फक्त त्यांचा पत्ता आणि तुम्ही केलेल्या बदलांची नोंद. तुम्ही परस्पर फोल्डर हलवलात तर ते प्रश्नचिन्ह दाखवणार, दुसरं काय करणार? तरी बोंब अशी की लाइटरूमने फोटो खाल्ले.

पीटर क्रोग यांनी तीन-दोन-एकचा नियम रूढ केला त्याला वर्षं लोटली: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आमच्याकडे दोन डिस्क घेणारा स्वतःला शहाणा समजतो आणि दोन्ही एकाच बॅगेत घालून एसटीत बसतो. कार्यशाळा घेणारे गुरुजी यातलं अक्षर शिकवत नाहीत. ते प्रीसेट विकतात. एका क्लिकवर घाटाचं आभाळ निळंशार, वारकरी नारिंगी. छाटणी शिकवायला पैसे कोण देणार?

आषाढी झाली की मला फोन येऊ लागतात. "कार्ड चुकून फॉरमॅट झालं हो, काही होईल का?" होतं की. त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढू नका. फोटोरेक फुकट मिळतं, बऱ्याचदा पुष्कळसं परत येतं. फक्त फायलींची मूळ नावं जातात. पण तुम्हाला त्याचं काय? तुम्ही ती कधी वाचलीच नव्हती.