माकडतापाची लस : हेब्बाळने दिलेला धडा

बंगळूर शहराच्या उत्तरेस, विमानतळाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, हेब्बाळ हे उपनगर आहे. तेथील तळे आणि त्यावरून गेलेला उड्डाणपूल प्रवाशाच्या सहज ध्यानात राहतो. पण त्याच परिसरात असलेली पशुआरोग्य व पशुवैद्यकीय जैवद्रव्यांची शासकीय संस्था क्वचितच कोणाला ठाऊक असते. १९२५ साली म्हैसूर संस्थानात गुरांच्या बुळकांडी रोगावर रक्तरस तयार करण्यासाठी ही संस्था निघाली. पुढे तो रोग लशींच्या बळावर हटत गेला. २००६ साली भारत बुळकांडीपासून मुक्त ठरला आणि २०११ साली ही साथ साऱ्या पृथ्वीवरूनच नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

गुरांच्या लशी करणाऱ्या याच संस्थेने अनेक वर्षे माणसांसाठीही एक लस तयार केली. क्यासनूर अरण्यज्वर, म्हणजेच आपल्या कोकणात व गोव्यात ज्याला माकडताप म्हणतात, त्या रोगाची ती लस होय. ऑक्टोबर २०२२ पासून कर्नाटकाने या लशीचा वापर थांबविला आहे. असे का झाले आणि त्यातून आपण काय शिकावे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे. हा प्रश्न केवळ कर्नाटकाचा नाही, कारण सावंतवाडी, दोडामार्ग आणि सत्तरी येथील काजूच्या बागांतील मजुरांचे प्राण त्यात गुंतलेले आहेत.

प्रथम रोगाची हकीकत पाहू. १९५७ च्या मार्च महिन्यात शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातील क्यासनूर अरण्यात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसे तीव्र तापाने आजारी पडू लागली. त्या पहिल्याच वर्षी ४६६ रुग्णांची नोंद झाली. माकडे व माणसे एकाच वेळी मरत असल्यामुळे आफ्रिका व दक्षिण अमेरिका खंडांतील पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी धास्ती शास्त्रज्ञांना वाटली. पुण्यास १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे पथक तेथे गेले. मेलेल्या माकडांच्या अवयवांतून आणि रुग्णांच्या रक्तातून त्यांनी जो विषाणू वेगळा केला, तो पीतज्वराचा नव्हता. रशियाच्या अरण्यांत गोचिडांमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराशी त्याचे जवळचे नाते होते. अशा रीतीने एका अज्ञात रोगाचे निदान अल्पावधीत झाले. भारतीय वैद्यक संशोधनाच्या इतिहासात या कामगिरीला मानाचे स्थान आहे.

हा विषाणू अरण्यातील उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांत आणि गोचिडांत टिकून राहतो. लाल तोंडाची माकडे व काळ्या तोंडाचे वानर यांना तो झाला म्हणजे ती मरतात. त्यांच्या अंगावरील गोचीड खाली गळून पडतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. गोचिडाची अर्धवाढीची पिल्ले डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत विपुल असतात. नेमक्या याच दिवसांत माणसे सरपण, पातेरा आणि काजू गोळा करण्यासाठी रानात वावरतात. गुरे रानात चरतात व अंगावर गोचीड वागवितात. त्यांच्या रक्तावर गोचिडांची संख्या वाढते. एका माणसापासून दुसऱ्या माणसास हा रोग होत नाही.

रोग्यास एकाएकी थंडी वाजून ताप येतो. डोके व कंबर असह्य दुखते, डोळे लाल होतात, ग्लानी येते. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून किंवा आतड्यांतून रक्त जाते. काही रुग्णांना आठवड्या-दोन आठवड्यांच्या उतारानंतर पुन्हा ताप येतो, आणि या वेळी मेंदूवर परिणाम झाल्याची लक्षणे दिसतात. शंभर रोग्यांपैकी साधारणपणे तीन ते पाच दगावतात. या विषाणूस मारणारे खात्रीचे औषध अद्याप उपलब्ध नाही. शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे, रक्तस्राव झाल्यास रक्त देणे, ॲस्पिरिनसारखी रक्तस्राव वाढविणारी औषधे टाळणे आणि रोग्यावर सतत लक्ष ठेवणे, एवढेच वैद्याच्या हाती असते. एवढे वेळेवर झाले तर बहुतेक रोगी वाचतात. म्हणून या रोगात दोन गोष्टींना सर्वाधिक महत्त्व येते : रोग होऊ न देणारी लस आणि लवकर होणारे निदान.

लशीचा इतिहास उद्बोधक आहे. विषाणूचे रशियन मेंदूज्वराशी नाते दिसताच, त्या रोगावरची लस आरंभी शिमोग्यातील लोकांना टोचून पाहण्यात आली. तर्क बिनचूक वाटत होता. पण प्रत्यक्ष पाहणीत त्या लशीने संरक्षण दिल्याचे आढळले नाही. तेव्हा कोंबडीच्या गर्भपेशींवर खुद्द क्यासनूर विषाणू वाढवून व तो फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून नवी लस सिद्ध करण्यात आली. पुढे हेब्बाळ येथे होत असलेली लस ती हीच. एक महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी बळकटी देणारी तिसरी मात्रा आणि त्यानंतर काही वर्षे दरसाल एक मात्रा, असा तिचा क्रम होता.

या लशीचा प्रत्यक्ष गुण किती? १९९० ते १९९२ या काळातील पाहणीत दोन मात्रा घेतलेल्यांत ती ९३.५ टक्के परिणामकारक ठरली. २००५ ते २०१० या काळाविषयीचे दुसरे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात दोन मात्रांची परिणामकारकता ६२.४ टक्के आणि तिसऱ्या मात्रेसह ८२.९ टक्के आढळली. या आकड्यांचा साधा अर्थ असा, की लस न घेतलेल्या लोकांत जेथे शंभर माणसे आजारी पडली असती, तेथे दोन मात्रा घेतलेल्या तितक्याच लोकांत सुमारे अडतीस पडतील. दोन्ही पाहण्यांचा काळ व परिस्थिती भिन्न असल्यामुळे त्यांची तुलना जपून केली पाहिजे, हे खरे. तथापि गुण उतरणीस लागल्याची शंका घेण्यास एवढा पुरावा पुरेसा होता. शिवाय टोचल्या जागी फार दुखत असल्यामुळे मजूर दुसऱ्या व तिसऱ्या मात्रेस येत नसत. एक दिवस हात दुखला म्हणजे त्यांची एक दिवसाची मजुरी बुडत असे.

२०१३ साली शंका लेखी स्वरूपात सर्वांपुढे आली, आणि २०२२ साली लस थांबली. मधल्या नऊ वर्षांत रोग मात्र थांबला नव्हता. २०१२ साली तो चामराजनगर व निलगिरीकडे दिसला, त्यानंतर केरळात गेला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात त्याने बळी घेतले. २०१९ च्या आरंभी सागर तालुक्यातील अरळगोडु भागात अनेक माणसे मृत्युमुखी पडली. एकीकडे रोगाची सीमा वाढत होती आणि दुसरीकडे त्यावरचे एकमेव शस्त्र बोथट होत होते.

लस थांबविण्याचा निर्णय आमच्या मते योग्यच होता. दुबळी लस काहीच नसण्यापेक्षा बरी, असा युक्तिवाद काही लोक करतात. परंतु लस टोचून घेतलेला माणूस निर्धास्तपणे रानात जातो. गोचीड-प्रतिबंधक तेल लावण्याचा कंटाळा करतो. आणि ताप आला तरी ‘मला तो रोग होणार नाही’ असे समजून दवाखान्यात उशिरा पोचतो. ज्या लशीच्या बळाची खात्री नाही, तिने दिलेला विश्वास रोग्यास महाग पडू शकतो. तेव्हा दोष लस थांबविण्यात नाही. जुनी थांबविण्याच्या वेळी नवी लस सिद्ध नव्हती, हा खरा दोष होय.

याचे कारण शोधू लागलो म्हणजे ते हेब्बाळच्या प्रयोगशाळेत सापडत नाही. वर्षास सरासरी चार-पाचशे रुग्ण, तेही अरण्याच्या कडेला राहणारे गरीब शेतकरी, मजूर व आदिवासी, एवढाच या लशीचा ग्राहकवर्ग. खासगी कारखान्यास त्यात नफा दिसत नाही. म्हणून गुरांच्या लशी करणाऱ्या एका शासकीय संस्थेने हे काम वर्षानुवर्षे अंगावर घेतले, याबद्दल तिचे ऋण मानले पाहिजे. पण लस म्हणजे एकदा बांधून झाले की संपले असे धरण नव्हे. तिचे मूळ बीज, तिची कृती, तिच्या प्रत्येक घाण्याचे बळ आणि प्रत्यक्ष गावात तिने दिलेले संरक्षण या चारही गोष्टी पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात. या सतत तपासणीसाठी स्वतंत्र माणसे व स्वतंत्र पैसा ठेवण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती. लस तयार करणे पशुवैद्यक खात्याकडे, टोचणे आरोग्य खात्याकडे, विषाणूचा अभ्यास पुण्याकडे, आणि रोग चार-पाच राज्यांत, अशी ही वाटणी होती.

अल्पसंख्य रुग्णांसाठी एवढा खर्च का करावा, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर ऑस्ट्रिया देशाकडे पाहून द्यावेसे वाटते. त्या छोट्या देशात याच कुळातील गोचीडजन्य मेंदूज्वराचे वर्षाकाठी शेकडो रुग्ण होत असत. आपल्या माकडतापाएवढीच ही संख्या. १९७० च्या दशकात व्हिएन्नाच्या ख्रिश्चन कुन्झ यांनी तेथे लस सिद्ध केली, १९८१ पासून लसीकरणाची देशव्यापी मोहीम सुरू झाली, लस वेळोवेळी शुद्ध करून तिची वेदना कमी करण्यात आली आणि रुग्णसंख्येची नोंद सतत ठेवण्यात आली. आज तेथील पाचांपैकी चारांहून अधिक लोकांनी ती लस घेतलेली आहे आणि रोग पुष्कळच आटोक्यात आला आहे. त्यांचा विषाणू आपल्या विषाणूचा भाऊबंदच आहे. फरक पडला तो चिकाटीने.

निदानाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे समाधानकारक प्रगती झाली आहे. पूर्वी रुग्णाचे रक्त उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत टोचून वाट पाहावी लागे. २०१२ च्या सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने रक्तातील विषाणूची जनुकद्रव्ये ओळखणारी आणि प्रतिद्रव्ये ओळखणारी अशा दोन चाचण्या सिद्ध केल्या. तापाच्या पहिल्या दिवसांत पहिली उपयोगी पडते, नंतर दुसरी. २०२१ साली त्याच संस्थेने मोलबायो या कंपनीच्या सहकार्याने, विद्युतघटावर चालणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावरील चाचणी पुढे आणली. ती तालुक्याच्या दवाखान्यात करता येण्याजोगी आहे. दोडामार्गच्या मजुराचे रक्त पुण्यास किंवा मणिपालला पाठवून उत्तराची वाट पाहण्यात जे दिवस जातात, तेच त्याच्या आयुष्याचे निर्णायक दिवस असतात. म्हणून डिसेंबर ते मे या काळात सिंधुदुर्गातील व सत्तरीतील प्रत्येक बाधित तालुक्यात ही सोय चालू स्थितीत असली पाहिजे. यंत्र कपाटात असून चाचणीचे साहित्य संपलेले असणे, हे यंत्र नसण्यासारखेच आहे.

आता भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील इंडियन इम्युनोलॉजिकल्स या संस्थांनी नव्या लशीचे काम हाती घेतले आहे, ही आनंदाची गोष्ट होय. त्या प्रयत्नास शुभेच्छा देताना आमच्या तीन अपेक्षा आहेत. पहिली, नव्या लशीच्या प्रत्येक घाण्याच्या बळाचा निकाल आणि दर हंगामातील परिणामकारकता दरसाल प्रसिद्ध व्हावी. दुसरी, कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, केरळ व तामिळनाडू या राज्यांनी मिळून तिच्या खरेदीची दीर्घ मुदतीची हमी द्यावी, म्हणजे ग्राहक थोडे या कारणाने उत्पादन खंडित होणार नाही. तिसरी, लशीच्या चाचण्यांत रानाच्या कडेच्या माणसास त्याच्या भाषेत सर्व काही समजावून सांगावे व टोचल्यानंतरच्या बुडालेल्या मजुरीचाही विचार व्हावा.

नवी लस हाती येईपर्यंत जुनेच उपाय निष्ठेने पाळले पाहिजेत : रानात जाण्यापूर्वी हातापायांस डेपा तेल लावणे, अंग झाकणारे कपडे घालणे, परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून अंगावरील गोचीड पाहणे, गुरांचे गोचीड मारणे, मेलेले माकड दिसताच त्यास हात न लावता आरोग्य केंद्रास कळविणे, आणि त्या हंगामात ताप आल्यास रानात गेलो होतो हे वैद्यास आपणहून सांगणे.

हेब्बाळच्या त्याच आवारातून बुळकांडीविरुद्धचा लढा पिढ्यानपिढ्या चालला व शेवटी जिंकला गेला. गुरांसाठी जी चिकाटी आपण दाखविली, तीच काजू वेचणाऱ्या माणसासाठीही दाखविणे आपले कर्तव्य आहे.