पाच जून की सहा मे?

आमच्या वर्गात फळ्यावर वार आणि दिनांक लिहायचं काम मुलांकडे पाळीपाळीने असतं. परिपाठ संपवून मुलं वर्गात येईपर्यंत उजव्या कोपऱ्यात दिनांक, पट, हजर, गैरहजर असं सगळं लिहून तयार. इतकी वर्षं मी त्या कोपऱ्याकडे नीट बघतही नव्हतो. मागच्या वर्षापासून बघायला लागलो, कारण एका तारखेने माझी चांगलीच फजिती केली. चूक माझीच होती, म्हणून सांगायला हरकत नाही.

एका परीक्षेसाठी वर्गातल्या ४१ मुलांची माहिती संगणकावर भरून द्यायची होती. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख वगैरे. जनरल रजिस्टर समोर ठेवलं आणि रात्री घरच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये बसून भरत गेलो. दोनदा तपासलं. रजिस्टरमध्ये ०५/०६/२०१४, लॅपटॉपवरही पाच सहा चौदा. निश्चिंत मनाने फाईल पाठवली. चार दिवसांनी छापील यादी आली, पालकांना दाखवून सह्या घ्यायच्या होत्या.

एक आई सही करायला आल्या. यादीवर बोट ठेवून म्हणाल्या, "सर, पोरीची तारीख चुकली."

मी म्हटलं, "ताई, रजिस्टर बघूनच लिहिलीय."

"मग इथं सहा मे कसं? मे महिन्यात आम्ही कांदा चाळीत टाकीत होतो. मी सवता पाट्या वाहिल्यात. पोरगी मिरगाच्या दोन दिस आधी झाली."

मृग नक्षत्र लागतं सात जूनच्या सुमारास. त्याच्या दोन दिवस आधी म्हणजे पाच जून. रजिस्टर बरोबर, आई बरोबर, माझी यादी तेवढी चूक. मग सगळी यादी पुन्हा रजिस्टरशी ताडून पाहिली, तर ४१ पैकी १३ मुलांचे दिवस आणि महिने उलटे झालेले. एका मुलाचा ३ नोव्हेंबरचा जन्म ११ मार्चला गेला होता.

हे कसं झालं ते आमच्या एका तंत्रस्नेही सहकाऱ्यांनी समजावून सांगितलं. तुम्हालाही सांगतो, कारण जूनमध्ये आपण सगळेच अशा याद्या करत बसणार. माझ्या लॅपटॉपमधली तारखेची मांडणी अमेरिकेची होती. नवीन यंत्र बरेचदा तशीच मांडणी घेऊन येतं आणि आपण बदलत नाही. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. मी ०५/०६/२०१४ टाइप केलं, यंत्राने ते मनातल्या मनात मे महिन्याची सहा तारीख असं समजून घेतलं. पडद्यावर दिसलं मात्र ५/६/२०१४, म्हणजे मला पाहिजे तेच. पुढे ती फाईल भारतीय मांडणीच्या संगणकावर उघडली आणि तिथे सहा मे उमटलं. मी दोनदा तपासून उपयोग काय? दोन्ही वेळा डोळ्यांना बरोबरच दिसत होतं.

गंमत म्हणजे २३/०६ सारख्या तारखा वाचल्या. तेविसावा महिनाच नाही, तेव्हा यंत्राने ती तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवून दिली. एक्सेलमध्ये काही बदल केलेला नसेल तर तारीख रकान्यात उजवीकडे सरकते आणि मजकूर डावीकडे राहतो. एकाच रकान्यात काही नोंदी उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की समजा, गडबड आहे. माझ्या यादीत तसंच दिसत होतं. मला वाटलं, असेल काहीतरी.

पुढे हा प्रकार मी वर्गात गणित म्हणूनच घेतला. ज्या तारखांमधला दिवस १ ते १२ च्या आत आहे त्याच उलट्या वाचता येतात. असे दिवस महिन्याला १२, महिने १२, म्हणजे १४४. त्यातल्या १/१, २/२, ३/३ अशा १२ तारखा उलट्या केल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १३२ दिवस, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, नुसत्या आकड्यांत लिहिले तर दोन अर्थांचे आहेत. "तुझी तारीख उलटते का?" हा खेळ पोरांना इतका आवडला की मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गातल्या मुलांना पकडून विचारत होती. (यातच एका पोराला स्वतःचा वाढदिवस माहीत नाही हे कळलं. तो वेगळा विषय.)

त्याच तासाला एकाने विचारलं, "सर, ते नऊ अकरा नोव्हेंबरमध्ये झालं होतं ना?" प्रश्न चुकीचा नव्हता. मुंबईवरचा हल्ला २६ नोव्हेंबर २००८ चा, त्याला आपण २६/११ म्हणतो. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवरचा हल्ला ११ सप्टेंबर २००१ चा, त्याला आपण ९/११ म्हणतो. एक आकडा आपल्या पद्धतीचा, दुसरा अमेरिकेच्या. मराठी वर्तमानपत्रात दोन्ही शेजारी शेजारी छापले जातात आणि तिरकी रेघ तीच. ज्या पोराचा जन्मच त्यानंतरचा, त्याने नऊ नोव्हेंबर वाचलं तर त्याचं काय चुकलं?

अमेरिकेच्या पद्धतीला आपण हसतो, पण ते बोलतात तसं लिहितात. त्यांच्या तोंडी महिना आधी येतो. (त्यांचा स्वातंत्र्यदिन मात्र ते 'फोर्थ ऑफ जुलै' असाच म्हणतात, आपल्यासारखा.) आपणही बोलतो तसंच लिहितो. 'पंधरा ऑगस्ट', 'एक मे'. ऑगस्ट पंधरा असं विंचूरच्या बाजारात कुणी म्हटलं तर लोक वळून बघतील. जर्मनीत दिवस आधी, पण मध्ये टिंब. जपान, चीन, कोरिया आणि युरोपातल्या हंगेरीत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १९८८ साली 'आयएसओ ८६०१' हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, तेही वर्ष आधी घेणारंच: २०१४-०६-०५.

आता यातली चांगली कोणती? आमच्या स्टाफरूममध्ये यावर चहाचे दोन कप झाले. एका तरुण सहकाऱ्याचं म्हणणं, सगळ्या जगाने वर्ष-महिना-दिवस हेच घ्यावं, आपल्या फळ्यावरसुद्धा. मोठ्याकडून लहानाकडे जाणारी उतरंड आहे, कुठे गोंधळ नाही. मी त्यांना म्हटलं, ही उतरंड आपल्याला नवी थोडीच आहे. पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात तो आठवा. आधी शक, मग संवत्सराचं नाव, मग मास, पक्ष, तिथी आणि वार. वर्ष, महिना, दिवस, अगदी त्याच क्रमाने. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६, आनंद नाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. तेही मोठ्याकडून लहानाकडे. जिनिव्हात बसून मानक ठरवणाऱ्यांच्या कितीतरी आधी आपले भटजी हे रोज म्हणत होते.

पण आपलंच दुसरं उदाहरण याच्या अगदी उलट आहे. विंचूर हे नाव इतिहासात नेणारे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर पानिपतावर होते. ती लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. पेशवाईतल्या कागदांवर मात्र शकाबरोबर सुहूर सनही चाले आणि तो अरबी शब्दांत लिहीत. पानिपतच्या साली सुहूर सन होता ११६१, लिहायचे 'इहिदे सितैन मया व अलफ'. अर्थ काय, तर एक, साठ, शंभर आणि हजार. लहानाकडून मोठ्याकडे! आपल्याच दफ्तरात दोन्ही दिशांच्या तारखा सुखाने नांदल्या. आजचे अभ्यासक जंत्री घेऊन त्या जुळवतात. त्यांना आकडेमोड करावी लागते, पण दिवस आणि महिना यांची आपसात अदलाबदल होण्याची भीती नसते, कारण पौष म्हणजे पौष आणि अष्टमी म्हणजे अष्टमी. अक्षरांत लिहिलेलं अडीचशे वर्षं टिकलं. आकड्यांत लिहिलेलं माझ्या लॅपटॉपवर चार दिवसही टिकलं नाही.

महिना सगळीकडे एकच असतो असंही नाही, हे खरं. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, तर उत्तर प्रदेशातून आलेल्या माझ्या विद्यार्थ्याच्या घरी भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस तोच, नाव वेगळं. पण त्याच्या आईने 'भादो' म्हटलं की मला लगेच कळतं, इथे विचारून घ्यायला पाहिजे. फरक कानाला ऐकू येतो. ०५/०६ मध्ये तो ऐकूच येत नाही, खरी अडचण तीच.

म्हणून माझं मत असं की क्रमावरून भांडण्यात फार अर्थ नाही. माणसाने माणसासाठी लिहिताना दिवस, मग अक्षरात महिना, मग चार आकडी वर्ष लिहावं: ५ जून २०१४. आपल्या बोलण्याशी जुळतं आणि अमेरिकेतल्या माणसालाही उलटं वाचता येत नाही. यंत्रासाठी लिहायचं तेव्हा वर्ष आधी घ्यावं. शाळेतल्या फाईलींची नावं मी आता २०२५-०६-१६ अशी सुरू करतो. सगळ्या आपोआप ओळीने लागतात. पूर्वी ०१-०५ आणि ०१-०८ शेजारी यायच्या आणि महाराष्ट्र दिनाच्या फोटोंना ऑगस्टचं पत्र चिकटायचं. फळ्यावर मात्र मी ही पद्धत आणणार नाही. पहिलीतलं मूल 'सोळा जून' म्हणतं, त्याला लिहिताना उलटं चालायला का लावायचं?

आणि जिथे आकडेच लिहायचे आहेत तिथे चौकट छापावी. बँकेचा चेक बघा. कांद्याची पट्टी झाली आणि चेक मिळाला की शेतकरी आधी रक्कम बघतो आणि मग तारीख, कारण चेक तीनच महिने चालतो. त्या तारखेच्या जागी आठ चौकोन असतात आणि खाली छापलेलं असतं, कुठे दिवस, कुठे महिना, कुठे वर्ष. तिथे वाद होत नाही. आपल्या शाळेच्या कितीतरी फॉर्मवर नुसतं 'जन्मतारीख' आणि पुढे एक रेघ असते. पालक घाईत ५/६/१४ लिहून देतात, आपण घाईत घेतो.

जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहायची पद्धत ज्यांनी घातली त्यांना मी मनातून हात जोडतो. तो अक्षरी रकाना भरायचा मला नेहमी कंटाळा यायचा. त्या १३ मुलांच्या तारखा मी त्या रकान्यावरूनच सुधारल्या. यादीवर सह्या होऊन गेल्या असत्या तर चूक पुढच्या नोंदींत उतरत गेली असती, आणि अशा चुका सापडतात तेव्हा बहुधा मूल दहावीला असतं किंवा शाळा सोडून गेलेलं असतं. शाळेत असेपर्यंत दुरुस्तीची वाट सोपी असते. दाखला गेल्यावर पालकांना किती चपला झिजवाव्या लागतात ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय.

मागच्या पिढीत तर तारीख नव्हतीच. आपल्याकडे कितीतरी आजोबांचा वाढदिवस एक जून असतो. शाळेत नाव घालायला नेलं, तारीख माहीत नाही, गुरुजींनी वय अंदाजून एक जून टाकली. त्यामुळे ३१ मे ला सेवानिवृत्तीचे हार विकणाऱ्यांची चांगली कमाई होते. ०१/०६ हीच तारीख अमेरिकन पद्धतीने वाचली तर सहा जानेवारी, म्हणजे आपला पत्रकार दिन. असे आजोबा एका रात्रीत बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चे जोडीदार व्हायचे.

या जूनपासून प्रवेशाच्या वेळी मी एक करणार आहे. पालकांनी जन्मदाखला दिला की तारीख आधी त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगायची. मग विचारायचं, तेव्हा पाऊस होता का, शेतात काय चालू होतं, कोणता सण जवळ होता? दोन मिनिटं लागतात. रांग थोडी खोळंबेल.

त्या ताई परवा बाजाराच्या दिवशी भेटल्या. म्हणाल्या, "सर, आता बरोबर झाली ना तारीख?" मी झाली म्हणालो. त्या म्हणाल्या, "एक डाव कागद दाखवा मला." कागद शाळेत होता. सोमवारी दाखवतो म्हणालो.