हजेरी कोयत्याची आणि हजेरी वर्गाची

पोळ्याच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यात दोन ठिकाणी नावनोंदणी चालू असते. एक मुकादमाच्या वहीत आणि दुसरी कॉलेजच्या खिडकीवर. मुकादमाकडे नाव लागले की उचल हातात पडते, कॉलेजच्या खिडकीवर हातातले पैसे जातात. या दोन्ही वह्यांत एकाच माणसाचे नाव असले तर त्याचे काय होते, याची चौकशी करावी असे अजून कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.

धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवर माती नमुने घ्यायला गेलो होतो. काम आटोपल्यावर एका घरात चहाला बसलो. घरातली सून, वय असेल अठ्ठावीस-तीस, कोनाड्यातून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "साहेब, हे बघा बरं, ह्याचं काय करायचं?" पिशवीत बी.ए. च्या पहिल्या वर्षाची पुस्तके होती. काही तर उघडलेलीही नव्हती. फीची पावती होती आणि एक गुणपत्रक होते. त्यात दोन विषयांत पास आणि बाकी सगळीकडे गैरहजर. नोव्हेंबरात टोळी निघाली, परीक्षा हिवाळ्यात आली, त्या वेळी ही बाई कर्नाटकात उसाच्या फडात मोळ्या बांधत होती. "मी नाव काढून घ्यायला गेले होते. ते म्हणले, आता काय उपयोग नाही. फी गेली." मग हळूच म्हणाली, "नापास झाले असते तर वाईट वाटलं नसतं. मी तर बसलेच नाही ना."

मला तिला लगेच उत्तर देता आले नाही, कारण तसेच एक गुणपत्रक माझ्याही ट्रंकेत आहे. दहावीनंतर मी कृषी पदविका केली, नोकरीला लागलो, आणि पदवी नाही ही टोचणी मनात राहिली म्हणून एका अभ्यास केंद्रावर नाव घातले. ते वर्ष २०१७ चे. त्या वर्षी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली आणि डिसेंबरात पंचनाम्यांचे आदेश आले. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक तिघे मिळून रोज बांधावर. रविवारची संपर्क सत्रे एकामागून एक हुकली, गृहपाठाची तारीख टळली. नोंदणी रीतसर रद्द करायची असते, त्यालाही मुदत असते, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून फी. मी पगारदार म्हणून ती भरू शकलो. त्या बाईने कशातून भरावी?

मुक्त विद्यापीठाची कल्पना मुळात अशाच माणसांसाठी निघाली. इंग्लंडात १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली, ती कामावर जाणाऱ्या माणसांना आणि घर सांभाळणाऱ्या बायकांना घरबसल्या शिकता यावे म्हणून. रेडिओ-टीव्हीवरून धडे जात. आपल्या देशात आंध्रने १९८२ मध्ये सुरुवात केली, १९८५ मध्ये दिल्लीला इग्नू आले आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. पुस्तके मराठीत, आणि ती शिक्षक समोर नसतानाही वाचून कळावीत अशा बेताने लिहिलेली. शेतीच्या फळबाग उत्पादन, भाजीपाला उत्पादन अशा पदविका या विद्यापीठाने मराठीत आणल्या, हे आमच्या खात्यातल्या माणसाने तरी विसरू नये. गावोगाव आज ज्यांच्या भिंतीवर पदवी लागली आहे, त्यांतल्या कित्येकांना दुसरे दार नव्हते.

तेव्हा माझे भांडण विद्यापीठाशी नाही, पंचांगाशी आहे.

हे पंचांग एकदा मांडून बघू. आपल्याकडे टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास हलतात. गाळप कधी सुरू करायचे ते दरवर्षी मंत्री समिती ठरवते, अलीकडे ते साधारण नोव्हेंबरात पडते. पट्टा पडेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे माणूस गावात असतो तो एप्रिल ते ऑक्टोबर. प्रवेश जुलै-ऑगस्टात होतात, तोवर सगळे ठीक. जिथे वर्षाची एकच परीक्षा मे-जूनमध्ये होते, तिथेही जमण्यासारखे आहे. पण जिथे सहा-सहा महिन्यांची सत्रे आली, तिथे पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी हिवाळ्यात, ऐन हंगामात येते. जून आणि डिसेंबर अशा दोन परीक्षा असल्या तर त्यातली एक कायमची गेली म्हणून समजा. जानेवारीतही प्रवेश मिळेल, अशी सोय काही ठिकाणी आहे आणि शहरातल्या नोकरदाराला ती चांगली. इथे मात्र जानेवारीत गावात म्हातारी माणसे, शाळेतली लेकरे आणि माझ्यासारखे सरकारी नोकर, एवढेच असतात.

आता हजेरीचे. हजेरी नकोच असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. साधारण महाविद्यालयात पंचाहत्तर टक्के हजेरीची अट असते आणि ती बऱ्याच ठिकाणी कागदावरच भरली जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. "फक्त फॉर्म भरा आणि पेपरला या" असे सांगणारे एजंट तालुक्याच्या ठिकाणी बोर्ड लावून बसलेले आहेत, आणि असल्या कागदामुळेच मुक्त शिक्षणाकडे बघून लोक नाके मुरडतात. आमच्या विषयात तर हजेरीवाचून शिक्षणच नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या झाडाची छाटणी कुठे करायची आणि कलम कसे बांधायचे, हे पुस्तकातल्या आकृतीवरून हाताला येत नाही. चाकू हातात धरावा लागतो, दोन-चार कलमे वाया घालवावी लागतात. प्रात्यक्षिकाला माणूस आलाच पाहिजे.

मात्र तो कधी येऊ शकतो, हे आधी विचारा.

ऊसतोडीतही हजेरी आहे आणि ती वर्गापेक्षा कडक आहे. कामाला न जाण्याच्या दिवसाला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातला एक जण पेपरला गावाकडे आला तर कोयता अर्धा होतो, वर खाडा आणि येण्या-जाण्याचे भाडे. चार पेपर चार वेगवेगळ्या दिवशी असले तर उचल फिटायची कधी? परीक्षेच्या वेळापत्रकात दोन पेपरांमध्ये दोन-दोन दिवसांची सुट्टी ठेवतात, विद्यार्थ्याला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून. हेतू चांगलाच आहे. कोपीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला तेच दोन दिवस महागात पडतात.

असे जमवून घेता येते, याचे उदाहरण आमच्याच क्षेत्रात आहे. खते-औषधे विकणाऱ्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ मध्ये 'देसी' नावाची पदविका सुरू केली. एक वर्षाची, अठ्ठेचाळीस आठवड्यांची. वर्ग आठवड्यातून एकदाच, तोही रविवारी किंवा त्या गावच्या बाजारपेठेच्या सुट्टीच्या वारी. पन्नाशीतले दुकानदार वही घेऊन बसलेले मी पाहिले आहेत. दुकान बंद न ठेवता शिकता येते म्हणून ते येतात. दुकानदाराच्या सुट्टीचा वार बघून वर्ग लागत असेल, तर तोडणी कामगाराच्या रिकाम्या महिन्यांकडे बघून वर्ग लावायला काय हरकत आहे? ऑगस्ट-सप्टेंबरात दोन आठवडे आणि एप्रिल-मेमध्ये दोन आठवडे सलग संपर्क सत्रे घ्यावीत, गृहपाठ त्याच काळात जमा करून घ्यावेत, आणि हिवाळी परीक्षा ज्यांची हुकली त्यांना ती उन्हाळ्यात नवी फी न घेता देता यावी. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास असे गणित आहे. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे एकशेवीस तास. हे तास पावसाळ्यात भरतात की हिवाळ्यात, याने ज्ञानात काही फरक पडत नाही.

दुसरीही एक वाट आहे. मुक्त विद्यापीठाची अभ्यास केंद्रे राज्यभर आहेत. केजचा किंवा पाटोद्याचा विद्यार्थी सहा महिने सांगली-कोल्हापूरकडे फडात असेल, तर तेवढ्यापुरते त्याचे केंद्र आणि परीक्षेची जागा त्या कारखान्याजवळ का बदलून देऊ नये? ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्याच होत्या. त्या किती चालल्या आणि कशा चालल्या हा विषय वेगळा, पण शाळा माणसाच्या मागे जाऊ शकते एवढे तेव्हा मान्य झाले होते.

राहिला प्रश्न नाव काढून घेण्याचा, आणि इथेच गरिबाचा सगळ्यात मोठा तोटा होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परतीची अधिसूचना काढली. तिच्यानुसार प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्काची थोडी कपात होऊन बाकी सगळी फी परत मिळते. पंधरा दिवसांच्या आत पण तारखेपूर्वी केला तर नव्वद टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी टक्के, त्यापुढे तिसाव्या दिवसापर्यंत पन्नास टक्के, आणि त्यानंतर काहीच नाही. मूळ कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हेही त्यातच आहे. नंतरच्या काही वर्षी आयोगाने यापेक्षा जास्त सवलतही दिली. मुक्त विद्यापीठांचे स्वतःचे नियम माहितीपुस्तिकेत असतात, ते वेगळे वाचावेत. सगळ्यांचा मथितार्थ एकच, की पैसे परत मिळण्याची वेळ प्रवेशाच्या तारखेच्या आसपासच संपते. टोळीत नाव लागणार की नाही, कोणत्या कारखान्याला जायचे, हे तर पुष्कळदा त्यानंतर पक्के होते. त्यामुळे नियम असूनही आमच्या माणसाच्या पदरात काही पडत नाही.

मधूनच थांबणाऱ्यासाठी २०२१ पासून श्रेयांक बँक आली आहे. पास झालेल्या विषयांचे श्रेयांक तिच्यात जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची मुभा आहे. सोय उत्तमच. त्या सुनेचे दोन विषय पास आहेत, ते तिच्या खात्यावर आहेत का, हे तिला माहीत नव्हते. खाते म्हणजे काय, हेही माहीत नव्हते. तिला कोणी ते उघडून दिले नव्हते. अर्धवट राहिलेला गृहपाठ आणि भरलेली फी मात्र कोणत्याच बँकेत जमा होत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. फी घेण्याआधी प्रत्येक केंद्राने एक पान मराठीत छापून हातात द्यावे. वर्षात किती दिवस यावे लागेल, कोणत्या महिन्यात, गृहपाठाची शेवटची तारीख, परीक्षेचा महिना, आणि नाव काढायचे झाल्यास अर्ज कोणाकडे व कोणत्या तारखेपर्यंत. खाली विद्यार्थ्याची सही घ्यावी आणि एक प्रत त्याच्याजवळ ठेवावी. आमच्या खात्यात बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीची टक्केवारी छापलेली नसली तर दुकानदारावर कारवाई होते. पदवीच्या पिशवीवर काहीच छापलेले नसते.

वाचकांपैकी ज्यांना यंदा नाव घालायचे आहे त्यांनी एवढे करावे. खिडकीवर आधी परीक्षेचा महिना विचारा, मग फी विचारा. पुस्तके मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. नाव काढायचे ठरले तर तोंडी सांगून येऊ नका, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. मुकादमाकडे उचल घेताना कागद करतो, तसाच हाही कागद. आणि पूर्ण वर्ष जमणार नसेल तर सगळे विषय एकदम घेण्याचा आग्रह धरू नका, कमी विषय घेता येतात का ते विचारा.

पट्टा पडून टोळ्या परत आल्या तेव्हा त्या वस्तीवर पुन्हा गेलो होतो. ती घरी होती. हाताला घट्टे, चेहरा रापलेला. मी तिच्यासाठी श्रेयांक बँकेच्या नोंदणीचा कागद नेला होता. तो तिने वाचला, घडी करून त्याच पिशवीत ठेवला आणि विचारले, "ह्या बारीला परीक्षा कोणत्या महिन्यात हाय, ते आधी विचारून याल का? मग मी मालकाला सांगते, कोयत्यावर नाव लावायचं का नाही ते."

दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर जाऊन विचारले. वेळापत्रक अजून आलेले नाही, असे उत्तर मिळाले. मुकादम मात्र वस्तीवर येऊन गेला आहे.