राणीची बाग कानांना पेलवेल का?

नाहूरहून लोकलने राणीच्या बागेला निघाले, की भायखळा हे तेरावे स्थानक. नाहूरला जलद गाडी थांबत नाही. त्यामुळे धीम्या गाडीने भांडुपपासून चिंचपोकळीपर्यंत प्रत्येक फलाटावर तेच: उद्घोषणा, चढणाऱ्यांची रेटारेटी, शेजारून धडधडत जाणाऱ्या जलद गाडीचा भोंगा. बहुतेक मुलांना यात मजा वाटते. काही मुले मात्र घाटकोपर यायच्या आतच कानांवर हात ठेवून आईच्या कुशीत डोके खुपसतात. बागेच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत त्यांची त्या दिवसाची सहनशक्ती संपलेली असते. मग पेंग्विन पाहण्याच्या रांगेत असे मूल जमिनीवर लोळण घेते आणि मागे उभे असलेले कुणीतरी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, ‘लाडावून ठेवलंय!’

यात लाडाचा संबंध नाही. आवाज, उजेड, वास, स्पर्श यांची जी मात्रा इतरांच्या मेंदूला सहज बाजूला सारता येते, ती या मुलांच्या मेंदूला बाजूला सारता येत नाही. स्वमग्न मुलांमध्ये हे मोठ्या प्रमाणावर दिसते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डीएसएम-५’ या निदान-पुस्तिकेत संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद हा स्वमग्नतेच्या निकषांत घेतला गेला. अतिचंचल मुलांमध्ये आणि कोणतेही निदान नसलेल्या काही मुलांमध्येही तो आढळतो. ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हा स्वतंत्र आजार मानावा का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही आणि त्या पुस्तिकेत त्याला वेगळे स्थानही नाही. पण नावावरून वाद असला, तरी मुलाला होणारा त्रास खराच असतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा यावरचा उपाय ठरलेला असतो: ‘नेत राहा, सवय होईल.’ इथेच चूक होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतील शुलामाइट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वमग्न मुलांना मेंदूचे स्कॅन चालू असताना रहदारीचा आवाज ऐकवला आणि त्वचेला खरखरीत लोकरीचा स्पर्श दिला. ज्यांची संवेदनशीलता जास्त होती, त्यांच्या मेंदूतील भीतीशी निगडित अमिग्डाला हा भाग वारंवारच्या अनुभवानेही पुरेसा शांत होत नव्हता. इतरांना ज्या वेगाने सवय होते, त्या वेगाने ती यांना होत नाही. मुलाला ओढत पक्ष्यांच्या पिंजऱ्यापर्यंत नेल्याने पोपटांच्या कर्कश ओरडण्याची भीती जात नाही. तो पुढच्या वेळी बाग म्हटल्यावरच रडू लागतो, एवढेच.

मग न्यायचेच नाही का? तसे करणारी घरे कमी नाहीत. आधी राणीची बाग सुटते, मग जत्रा, मग लग्नकार्य, मग धाकट्या बहिणीचाही रविवार घरातच जातो. नेण्याची पद्धत बदलली, तर यातले बरेच टाळता येईल.

तयारी आठवडाभर आधी सुरू व्हावी. घरातल्या एका मोठ्या माणसाने आधी एकट्याने बागेत जाऊन मोबाइलवर फोटो काढून आणावेत: फाटक, तिकिटाची खिडकी, रांग, बाके, स्वच्छतागृह, बाहेर पडायचा रस्ता. वाघ-हत्तींचे फोटो नेटवर मिळतात, रांगेचे मिळत नाहीत, आणि मूल रांगेतच कोलमडते. त्या फोटोंची क्रमवार गोष्ट रोज रात्री सांगावी. अमेरिकेतील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सोशल स्टोरीज’ नावाने ही पद्धत मांडली. तिच्यावरील अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत, सगळ्याच मुलांना ती लागू पडत नाही; पण तिच्यासाठी पैसे लागत नाहीत. आवाज ऐकवायचे असतील तर अगदी हळू, आणि आवाज कमी-जास्त करणे मुलाच्याच हाती. कानांवर लावायचे इअरमफ बागेत पहिल्यांदा चढवू नयेत. डोक्यावर आवळून बसणारी ती वस्तूही त्याला नवीच असते.

भायखळ्याच्या बागेत काय नेमके जड जाते, हेही पाहायला हवे. हम्बोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये आले आणि २०१७ मध्ये लोकांना पाहता येऊ लागले, तेव्हापासून ते दालन गर्दीचे केंद्र झाले. बंद, थंड जागा, काचेसमोर दाटी, आणि छपरामुळे घुमणारा पोरांचा कल्ला. चालत आत शिरता येणाऱ्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यात वेगळीच अडचण, पाखरू कोणत्या बाजूने डोक्यावरून जाईल याचा भरवसा नाही. उलट बागेतली जुनी झाडे आणि सावली हा तिचा खरा ठेवा आहे, आणि तिथे कुणी थांबत नाही! बुधवारी बाग बंद असते. रविवार आणि सुट्ट्या टाळून दुसऱ्या एखाद्या दिवशी दार उघडताच जाऊन, एखादा प्राणी आणि तासभर झाडांखाली, एवढीच पहिली भेट ठेवावी. पेंग्विन तिसऱ्या खेपेला पाहिले तरी चालतील. ‘आता पुरे’ सांगायची खूण आधीच ठरवावी आणि ती दिसताच, तिकिटाचा हिशोब न मांडता, बाहेर पडावे. खूण पाळली जाते हे एकदा कळले, की मूल पुढच्या वेळी जास्त वेळ थांबते.

काही मुलांचे उलटेच असते. ती स्पर्श शोधतात, जाळीवर चढतात, गर्दीत पळतात. त्यांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी हवीच.

नेमके काय झेपते, हे सांगण्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत मोलाची. भारतातील या शाखेची पहिली शाळा कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईतच, केईएममध्ये सुरू केली. आज केईएमबरोबर नायर आणि सायनमध्येही हे विभाग आहेत. तरी उपनगरांतील पालकांना शेजाऱ्यांचा सल्ला आधी मिळतो, थेरपिस्टचा पत्ता नंतर.

मात्र सगळी तयारी पालकांनीच का करायची? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि करमणुकीत इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा, ही जबाबदारी तो कायदा स्थानिक संस्थांवरही टाकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे बंधनकारक नियम करायला सांगितले. आपल्याकडे सुगम्यता म्हटले की रॅम्प आठवतो. रॅम्प हवाच, पण कानांवर हात ठेवलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग? अमेरिकेतील कितीतरी प्राणिसंग्रहालयांत इअरमफ उसने मिळतात, गोंगाटाच्या जागा नकाशावर दाखवलेल्या असतात, शांत कोपरा राखलेला असतो. यातले काहीही महाग नाही.

हे सांगायला आत्ता निमित्तही आहे. नाहूरमध्येच पक्षी उद्यान उभारण्याची महापालिकेची योजना आहे. तेरा स्थानकांचा प्रवास वाचणार, ही तिथल्या घरांसाठी मोठी गोष्ट. पण बागांमध्ये पक्ष्यांचा भाग सर्वांत गजबजाटाचा असतो. मार्गावर मधूनच बाहेर पडता येईल अशी दोन-तीन दारे, किलबिलाटापासून लांब झाडाखाली एक आडोसा, आठवड्यातून एक सकाळ कमी तिकिटांची आणि भोंग्यांशिवायची, आणि लोळण घेतलेल्या मुलाभोवतीची गर्दी हटवायला शिकवलेले सुरक्षारक्षक, एवढे नियोजनातच लिहून घेता येईल. भिंती उभ्या राहिल्यावर दार पाडून मागण्यापेक्षा ते सोपे आहे.