दोघांची राहुटी

संसारांत पतिपत्नींचा सहवास पुष्कळ, परंतु सोबत थोडी, असें आम्हांस वारंवार दिसून येतें. एका छपराखालीं पंचवीस-तीस वर्षें काढूनहि प्रत्येकाचें काम वेगळें, विसावा वेगळा आणि काळजीहि वेगळी होऊन बसते. प्रवासास निघालें तरी ही वाटणी सामानाबरोबर बांधून नेली जाते. नवरा देखावा पाहतो, बायको डबे उघडते. म्हणून ज्या प्रवासांत घरच बरोबर न्यावें लागतें, असा राहुटीचा प्रवास उभयतांनीं एकदां तरी करावा, असें आमचें मत आहे. तो कोणत्या अटींवर करावा हें सांगण्यापुरती आमच्या एका सफरीची हकीकत येथें देतों.

हल्लीं पुष्कळ मराठी घरांतील मुलें ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं राहतात. आम्ही उभयतांहि गेल्या मार्चमध्यें मुलाकडे गेलों असतां त्याची मोटार व तंबू घेऊन आठ दिवसांसाठीं निघालों. शहराच्या नैऋत्येस सुमारें १०० किलोमीटरांवर टॉर्की हें गांव आहे. तेथून निघणारा ग्रेट ओशन रोड सुमारें २४० किलोमीटर लांब असून बराच मोठा भाग समुद्राला लागून जातो. पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या सुमारें ३,००० सैनिकांनीं १९१९ ते १९३२ या काळांत कुदळी, फावडीं व सुरुंग यांच्या साह्यानें तो बांधला. युद्धांत पडलेल्या सोबत्यांचें स्मारक व्हावें, हा त्यांतील हेतु. ज्यावरून पुढच्या पिढ्या रोज चालतील, असें स्मारक आम्हांस कोणत्याहि स्तंभापेक्षां थोर वाटलें.

टॉर्कीजवळच्या बेल्स बीच येथें लांब फळीवर उभें राहून लाटेवरून घसरत येण्याचा, म्हणजे सर्फिंगचा, खेळ चालतो. १९६२ सालापासून तेथें त्याच्या स्पर्धा भरतात व विजेत्यास घंटेच्या आकाराचें पारितोषिक मिळतें. दक्षिण महासागरांतील वादळांनीं उठविलेल्या लाटा नैऋत्येकडून जमिनीचा अडसर न लागतां शेंकडों कोस येतात. किनाऱ्याजवळच्या उथळ खडकावर त्यांचा पाय अडतो, माथा पुढें झुकतो आणि पाण्याची भिंत उभी राहते. पाणी इतकें गार कीं खेळणारे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोषाख घालून उतरतात.

निघण्यापूर्वींच आम्हीं दोन अटी ठरविल्या होत्या. पहिली कामाची. तंबू दोघांनीं मिळून उभारावयाचा. स्वयंपाक एक दिवस एकानें, दुसऱ्या दिवशीं दुसऱ्यानें करावयाचा. आमच्या हातची खिचडी पहिल्या रात्रीं खालीं लागली, पण सौभाग्यवती त्या वेळीं वाळूच्या टेकडीवर बसून सूर्यास्त पाहत होत्या, आणि चूल दुसऱ्याच्या हातीं असतां सूर्यास्त पाहण्याचा प्रसंग आपणांस कितीशा वर्षांनीं येत आहे, याचा हिशेब त्यांनीं जेवतांना आम्हांस दिला. ह्या हिशेबावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

दुसरी अट धोक्याची. दोघांपैकीं एकानें 'नको' म्हटलें कीं तेवढें पुरे. कारण विचारावयाचें नाहीं, आग्रह करावयाचा नाहीं. हिची कसोटी केप ऑटवेच्या पश्चिमेस जोहॅना येथें लागली. वाळूच्या टेकड्यांमागें आमची राहुटी होती. किनाऱ्यावर पहारा नव्हता. दोन्ही बाजूंस लाटा फुटत होत्या, आणि मधोमध पाण्याचा एक काळसर, शांत पट्टा पोहणाऱ्यास जणूं बोलावीत होता. आम्ही उतरावयास सिद्ध झालों; सौ. म्हणाल्या, "तेवढेंच पाणी निराळें कां? मला नको वाटतें." आम्ही थांबलों. थोड्याच वेळानें दोन तरुण फळ्या घेऊन आले व नेमके त्याच पट्ट्यांतून आंत गेले. फारसे हात न मारतां तें पाणी त्यांना पाहतां पाहतां लाटांपलीकडे घेऊन गेलें. किनाऱ्याशीं चढलेलें पाणी वाळूंतील खोल चरांतून परत जातें. चर खोल म्हणून तेथें लाट फुटत नाहीं, आणि फुटत नाहीं म्हणून ती जागा निर्धोक भासते. फळीवाल्यास ती वाट आहे, अनोळखी पोहणाऱ्यास सांपळा. त्यांत सांपडल्यास ओढीशीं झुंजूं नये. तरंगत राहून मदतीसाठीं हात वर करावा, किंवा किनाऱ्याला समांतर पोहत बाजूस निघावें. मुळांत तांबड्या-पिवळ्या निशाणांमध्येंच पोहणें हें सर्वांत बरें.

पुढें लॉक आर्डची घळ लागते. १ जून १८७८ रोजीं लॉक आर्ड हें जहाज येथें फुटलें. ५४ माणसांपैकीं दोनच वांचलीं: टॉम पिअर्स हा उमेदवार खलाशी, व आईबाप आणि भावंडें गमावलेली ईव्हा कारमायकेल. दोघेंहि विशीच्या आंतील. टॉमनें तिला पाण्यांतून ओढून काढलें, गुहेंत ठेवलें आणि कडा चढून मदत आणली. दोघांचा विवाह व्हावा अशी लोकांची मोठी इच्छा होती. पण ईव्हा कांहीं महिन्यांतच आयर्लंडला परतली. तिला वांचविलें म्हणून तिच्या आयुष्याचा निर्णय इतरांच्या हातीं आला नाहीं, हें आम्हांस त्या कथेंतील सर्वांत मोलाचें वाटतें.

घराच्या चार भिंतींत नवऱ्याचा हट्ट व बायकोचें मौन दोन्ही खपून जातात. उघड्या किनाऱ्यावर त्यांची किंमत प्राणानें मोजावी लागते. म्हणून आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, राहुटी, शेगडी व कंदील ह्यांच्या यादींत ह्या दोन अटी आधीं लिहाव्या, आणि परत आल्यावर राहुटी माळ्यावर टाकली तरी अटी तेवढ्या खालींच ठेवाव्या. पुत्राचें शिक्षण, कन्येचा विवाह, घराचें कर्ज, म्हातारपणीं कोठें राहावें, अशा प्रत्येक प्रसंगीं दोघांपैकीं एकाला शांत पट्ट्याखालची ओढ आधीं जाणवते. त्याचें 'नको' ऐकून दुसऱ्यानें थांबावें, ह्यालाच आम्ही सोबत म्हणतों.