बसा जी

गेल्या दिवाळी अंकात आम्ही निवडणुकांवर साठ पानांचा विभाग केला होता. मुंबई होती, बारामती होती, कोल्हापूर आणि मराठवाडा होता. अंक वाचकांच्या हाती पडल्यावर पंधरा दिवसांनी धानोरा तालुक्यातून एक पोस्टकार्ड आलं. मजकूर दोनच ओळींचा. तुमच्या महाराष्ट्रात गडचिरोली नाही, असलीच तर स्फोट झाला त्या दिवशी असते. खाली सही, आणि हिशेबाने लिहावं तसं पूर्ण नाव, गाव, टपाल.

ते कार्ड मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. रोज दिसायचं. शेवटी फेब्रुवारीत अंकाचं काम सहकाऱ्यांवर सोपवून मी निघाले, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या पावसाने नाले भरल्यावर परतले. वडशाला रेल्वे सोडली. देसाईगंज म्हणजेच वडसा, अख्ख्या जिल्ह्यात गाडी थांबते ते एवढंच स्टेशन. पुढे एसटी, त्यापुढे एका शिक्षकांच्या मोटारसायकलवर मागे बसून गाव. त्या गावाचं नाव इथे देत नाही. का, ते पुढे येईलच.

माझं बालपण कृष्णाकाठचं. राजकारण म्हणजे काय हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. साखर कारखाना, सोसायटी, दूध संघ, बाजार समिती. प्रत्येकाची निवडणूक, प्रत्येक निवडणुकीत दोन पॅनेल, आणि कुणाचा ऊस कधी तुटणार हे तो कुठल्या पॅनेलचा यावर. वडील सोसायटीत होते. घरातल्या लग्नात कोण आलं नाही यावरून पुढच्या पाच वर्षांचं गणित आम्हा पोरांनाही कळायचं. मी पंचवीस वर्षं राजकारणावर लिहिलं ते याच शिदोरीवर.

ही शिदोरी वैनगंगेच्या पलीकडे उपयोगी पडली नाही. चंद्रपुरातून वेगळा होऊन २६ ऑगस्ट १९८२ ला हा जिल्हा झाला. तीन चतुर्थांश जंगल, उरलेल्यात धानाच्या बांध्या. इथे ऊस नाही, कारखाना नाही. जमिनीचा तुकडा असतो, पण वर्ष निघतं ते धान, मोहफूल, तेंदूपान आणि मजुरी असं जोडून जोडून. मोहाचं फूल मार्चमध्ये पहाटे गळतं, तेव्हा सगळं घर टोपली घेऊन झाडाखाली असतं. मुलाखत घ्यायला आलेल्या बाईसाठी कुणी थांबत नाही, आणि थांबू नये.

पहिल्या आठवड्यात मी माझ्या सवयीने विचारत सुटले. इथे कुणाचा जोर आहे? गेल्या वेळी गाव कुठे गेलं? तुम्ही कुणाचे? लोक हसून पाणी द्यायचे. "बसा जी," म्हणायचे. मग धान कसं झालं, पोरगी आश्रमशाळेत कितवीला आहे, असं बोलणं व्हायचं. उत्तर नाहीच. मला वाटलं, भिडस्त माणसं आहेत. ज्या शिक्षकांकडे मी राहत होते त्यांनी एका रात्री दिवा बारीक करून सांगितलं, "मॅडम, हा प्रश्न इथं विचारू नका. उत्तर देनारा तुम्ही गेल्यावर बी इथंच राहनार आहे."

दोन्हीकडच्या बंदुका या जिल्ह्याने चाळीसेक वर्षं पाहिल्या. तुम्ही कुणाचे, या प्रश्नाचं उत्तर चुकलं म्हणून माणसं गेली. पोलिसांचा खबऱ्या म्हणून ठार मारलेले आदिवासी आणि नक्षल्यांना भाकरी दिली म्हणून चौकशीत अडकलेले आदिवासी, दोघांच्या घरची भांडी सारखीच असतात, हे मी तिथे पाहिलं. मतदानाच्या दिवशी आमच्याकडे संध्याकाळी सहापर्यंत रांगा असतात. इथल्या केंद्रांवर मतदान दुपारी तीनला बंद व्हायचं, म्हणजे यंत्र आणि कर्मचारी अंधाराआधी सुखरूप परततील. आतल्या भागात तर त्यांना हेलिकॉप्टरने नेलं-आणलं जातं. तरीही लोक रांगेत उभे राहतात. गेल्या वर्षीच्या साठ पानांत आम्ही टक्केवारी छापली होती. ती रांग छापली नव्हती.

मी प्रश्न विचारणं थांबवलं आणि कामाला जाऊ लागले. मे महिन्यात तेंदूचा हंगाम. पहाटे चारला निघायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून घरी यायचं, आणि मग घरभर बसून पुडकी बांधायची. एका पुडक्यात सत्तर पानं. फाटकं नको, डागाचं नको. पानं पंजावर एकावर एक लावत जायची, अर्धी एका अंगाने, अर्धी दुसऱ्या अंगाने, देठ जुळवायचे आणि सालीच्या दोराने आवळायचं. घरची म्हातारी गप्पा मारता मारता बांधायची आणि तिच्या पुडक्यात कधी एकोणसत्तर निघाली नाहीत. मोजताना तिचे ओठही हलत नसत. माझं पुडकं फळीवर, पानं विकायच्या जागी, नेलं तर सुटून पडेल म्हणून ती ते हातात घ्यायची, एक पीळ सोडायची, अंगठ्याने देठ दाबायची आणि पुन्हा आवळायची. बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर म्हणाली, "झोपा आता. आपल्याले उद्या लवकर जा लागते."

मराठीत आम्ही आणि आपण हे दोन शब्द वेगळे आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून म्हणतो ते आम्ही, सामावून घेऊन म्हणतो ते आपण. संपादकीयात आम्ही लिहिण्याची प्रथा आहे, मीही ती पाळत आले. त्या रात्री अंगणातल्या खाटेवर पडल्या पडल्या मी बराच वेळ त्या 'आपल्याले'चा विचार करत होते.

तेंदूच्या आधी, एप्रिलमध्ये, ग्रामसभा बसली होती. पान विकायचं का, कुणाला, काय भावाने. वनहक्क कायद्याने गौण वनउपज ग्रामसभेच्या मालकीची आहे, त्यामुळे लिलाव करण्याचा अधिकार आता गावाचाच. आधीच्या वर्षीच्या एका कंत्राटदाराने पैसे थकवले होते, त्यावर बरंच बोलणं झालं. मग एक बाई उठल्या. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. नाल्याकडच्या अंगाचं पान तोडूच नये. पानासाठी झुडपं छाटतो, कुणी चांगली पालवी फुटावी म्हणून आग लावतो, मग टेंभरं, तेंदूची फळं, कुठून लागणार, पोरांनी आणि अस्वलांनी खायचं काय? काही जण चिडले. पोराची फी भरायची आहे, त्या पट्ट्यातलं पान सगळ्यात चांगलं, ते सोडायचं कसं? दीडशे माणसांत त्या बाईंच्या बाजूने चारपाच असतील. दोन तास गेले. सभा उठली, निर्णय नाही. आठ दिवसांनी पुन्हा बसली, पुन्हा नाही.

दुसऱ्या सभेनंतर मला राहवलं नाही. शेजारी बसलेल्या वयस्क दादांना म्हटलं, "हात वर करून मोजून घ्या ना, पाच मिनिटांचं काम आहे." त्यांनी शांतपणे विडी विझवली.

"मोजता येते जी. पन मोजल्यावर ते पाच जन हारतील. मग उद्या रानात आग लागली तं हारलेला मानूस विझवाले येईन का?"

त्याच महिन्यात मी आग पाहिली होती. रात्री डोंगरावर लाल रेघ दिसली, कुणीतरी हाक दिली, आणि पळसाच्या, साजाच्या ओल्या फांद्या घेऊन माणसं धावली. पगार नाही, हुकूम नाही. फांदीने आपटत, पाचोळा ओढून मधे मोकळी पट्टी करत पहाटेपर्यंत आग थोपवली. नाल्याकडचा तो पट्टा सोडा म्हणणाऱ्या बाई त्यात होत्या आणि त्यांच्यावर चिडलेला तरुणही होता. शेकडो हेक्टर जंगल एक्कावन्न टक्क्यांनी राखता येत नाही. हे वाक्य माझं आहे, दादांचं नाही. पण मला ते त्यांच्यामुळे सुचलं, आणि पंचवीस वर्षांत लोकशाहीवर मी जे काही लिहिलं त्यात इतकं साधं काही मला दिसलं नव्हतं. तिसऱ्या सभेत ठरलं: नाल्यापासून वरच्या टेकडीपर्यंतचं पान तोडायचं नाही, बाकीचं विकायचं, छाटणी करायची पण आग लावायची नाही. ज्यांचं उत्पन्न त्यामुळे कमी होणार होतं त्यांना आधी दुसऱ्या बाजूचा पट्टा. इतिवृत्ताच्या वहीवर सह्या आणि अंगठे घ्यायला रात्रीचे साडेअकरा वाजले.

हे या एका गावाला सुचलेलं नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीची ही रीत ऐंशीच्या दशकापासून चालवली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्यासाठी महाराष्ट्राला ठाऊक आहेत, निदान असायला हवीत. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यायच्या कितीतरी आधी गाव सभेत बसत होतं आणि सभेआधी अभ्यासगटात विषय फोडून समजून घेत होतं. २००९ मध्ये मेंढा आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला, मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर. आज या जिल्ह्यात असे हक्क मिळालेल्या ग्रामसभा हजाराहून अधिक आहेत.

हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना देणार कोण? बांबू झाड की गवत, या प्रश्नावर फायली अडल्या. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनउपज म्हणून स्पष्ट लिहिलेला असताना जुन्या वन कायद्यात तो झाड होता. शेवटी २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. जुन्या कायद्यातून बांबूचं झाडपण निघायला २०१७ साल उजाडलं.

या बांबूचा आणि आपला संबंध जवळचा आहे. कित्येक दशकं या जंगलातला बांबू कागद कारखान्याला जात होता. मराठीत जी पुस्तकं, पाठ्यपुस्तकं आणि अंक निघाले, त्यांतल्या कितींच्या पानांत हा बांबू आहे, कोण सांगणार? ज्यांच्या रानातून तो तुटला त्यांना टोपली विणायला दोन काड्या आणायच्या तर वनरक्षकाची भीती, आणि आपण त्यावर दिवाळी अंक छापत होतो. मला हे पंचविसाव्या वर्षी संपादकाच्या खुर्चीत बसले तेव्हा कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

सगळं सुंदर आहे असं मी म्हणत नाही. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि दारू आहे. काही ग्रामसभा कंत्राटदाराच्या खिशात आहेत, काहींचं बँकेचं पासबुक एकाच माणसाच्या घरी असतं. सभेत बायका येतात, पण बोलायला अजून धीर गोळा करावा लागतो. नाल्याकडच्या पानाबद्दल उठलेल्या त्या बाई दोन सभा एकट्याच बोलत होत्या. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि बाळंतिणीला खाटेवरून न्यावं लागतं. खाणीसाठी डोंगर फुटतो आहे, त्याच्या पायथ्याच्या गावांना त्याबद्दल काय वाटतं हे ऐकून घ्यायला तीन सभांइतका वेळ कुणी दिला? बंदुका आता कमी होत चालल्या आहेत, आणि मला मनापासून वाटतं की त्या पूर्ण थांबाव्यात. पण त्यांच्या जागी काय येतं, हे त्या बाईंना आणि त्या चिडलेल्या तरुणाला एकत्र बसवून विचारलं जाणार आहे का, याची मला काळजी आहे. या अंकातला पहिला विभाग त्या काळजीतून केला आहे.

एक सांगायचं राहिलं. निघण्याआधी मी सभेला म्हटलं, तुमच्याबद्दल लिहिणार आहे. सभा म्हणाली, आधी वाचून दाखवा. म्हणून सप्टेंबरमध्ये, धान कमरेएवढं झालं होतं तेव्हा, मी पुन्हा गेले आणि हे संपादकीय समाजमंदिरात वाचलं. एकाने गोंडीत अर्थ सांगितला. गावाचं नाव काढा, असं तरुणांनी सुचवलं, कारण दिवस अजून तसे आहेत. पुडकी बांधणाऱ्या म्हातारीचं नाव तिच्या नातीने काढायला लावलं. आणि नाल्याकडचा पट्टा सोडा म्हणणाऱ्या बाईंनी एक परिच्छेद अडवला. त्यांच्या घरातल्या एका मृत्यूबद्दल मी लिहिलं होतं. मला तो लेखातला सगळ्यात चांगला भाग वाटत होता. त्या म्हणाल्या, हे माझं आहे, तुमच्या पुस्तकात नको. कुणी मत घेतलं नाही. मी परिच्छेद तिथेच खोडला.

भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, मंडईचे, जत्रेचे दिवस सुरू होतात. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात आणि रात्रभर नाटक चालतं. त्या गावचं नाटक यंदा भाऊबीजेलाच आहे. सभेने अंकाच्या दोन प्रती मागितल्या आहेत, एक शाळेला, एक ग्रामसभेच्या पेटीत इतिवृत्ताच्या वहीशेजारी ठेवायला. त्या घेऊन मी पाडव्याच्या रात्री गाडीत बसेन.